चारशे सतरा नंबरची खोली

कोल्हापुरातल्या एका हॉटेलचं हाऊसकीपिंग मी बघतो. म्हणजे खोल्या. चादरी, टॉवेल, आरसे, संडास आणि हे सगळं करणारी अठरा माणसं. देवीच्या दर्शनाला आलेलं एक कुटुंब सकाळी खोली सोडतं, दुपारी दुसरं कुटुंब त्याच पलंगावर टेकतं आणि म्हणतं, "स्वच्छ आहे हो." त्या दोन कुटुंबांच्या मधला जो वेळ असतो, तो आमचा. त्यात आम्ही काय केलं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणजे काम चांगलं झालं.

हे काम मी एडिंबऱ्यात शिकलो. असं म्हटलं की समोरच्याचे डोळे चमकतात. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "तिकडं काय काय बघितलंत?" या अंकाच्या संपादकांनीही तेच मागितलं. परदेशातल्या विद्यार्थिदशेतल्या गमती लिहा म्हणाले. गमती आहेत. त्या आधी लिहून टाकतो.

माझं गाव गगनबावड्याच्या वाटेवर. घरी ऊस, भात आणि चार म्हशी. मी कोल्हापुरात कॉलेज केलं आणि हॉटेल व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी एडिंबऱ्याला गेलो. माझ्याबरोबर कॉलेजातला इम्तियाज बागवान होता. मंगळवार पेठेत त्याच्या वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. तो संगणकाचं शिकायला आला होता. दोघांत मिळून एक खोली घेतली. पहिल्याच आठवड्यात इम्तियाजनं कांदा-लसूण चटणी तेलात टाकली आणि आगीचा भोंगा वाजला. चार मजल्यांची माणसं चपला घालून थंडीत रस्त्यावर उभी राहिली. अग्निशमनवाला वर येऊन कढईत डोकावला आणि म्हणाला, "हे खाणार आहात?" इम्तियाज मराठीतच म्हणाला, "बसा की, तुमाला बी वाढतो."

विद्यार्थ्याला तिथं कॉलेज सुरू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं. एकविसावा तास भरला आणि पकडलं गेलं, तर व्हिसा जाण्याची भीती. आम्ही दोघं एकाच हॉटेलात खोल्या आवरायला लागलो. घरी मी सांगितलं होतं की हॉटेलच्या ऑफिसात काम मिळालंय. फोनवर आबा विचारायचे, "हापिसात हाईस न्हवं?" मी ट्रॉलीवर टॉवेलांची चळत लावत म्हणायचो, "व्हय आबा, हापिसातच हाय."

आमच्या गावात पुरुषानं स्वतःचं अंथरूण काढलं तरी लोक विचारतात, बायको माहेरी गेली का. आणि मी दिवसाला दहा-बारा अंथरुणं घालत होतो.

काम मला मार्गरिदानं शिकवलं. ती पोर्तुगालची, वय छप्पन्न, त्या हॉटेलात चौदा वर्षं. उंचीनं माझ्या खांद्याला लागायची. पहिल्या दिवशी तिनं मला खोलीत नेलं आणि म्हणाली, "आधी खिडकी उघड. मग चादर काढ, पण झटकू नकोस. माणसं पलंगात काहीही विसरतात. दात, अंगठी, पासपोर्ट. आधी हात फिरव, मग ओढ." चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडायला मला चार दिवस लागले. आरसा समोरून पुसायचा, पण तपासायचा बाजूनं. आणि सगळं झालं की पाहुण्याच्या खुर्चीत बसायचं, उशीवर डोकं टेकवायचं, तिथून जे दिसतं ते बघायचं. "उभं राहून खोली कधीच कळत नाही," ती म्हणायची. आज माझ्या अठरा माणसांना मी हेच सांगतो. कुणी शिकवलं म्हणून कुणी विचारत नाही. मीही सांगत नाही.

एकदा एक मराठी कुटुंब आमच्या मजल्यावर उतरलं. बोलण्यावरून मुंबई-पुण्याकडचं. त्यांचा आवाज ऐकताच मी चादरी ठेवायच्या कपाटाएवढ्या खोलीत शिरलो आणि दार ओढून घेतलं. बाहेर बाई नवऱ्याला म्हणत होत्या, "बघा, किती नीट ठेवतात खोली. आपल्याकडच्या लोकांना ही सवयच नाही." ती खोली सकाळी मीच आवरली होती. ते लिफ्टमध्ये जाईपर्यंत मी आत टॉवेल मोजत बसलो. नंतर मार्गरिदाला अर्थ सांगितला तेव्हा ती ट्रॉलीला धरून हसली.

आता बघण्याचं सांगतो. आमच्या हॉटेलच्या वरच्या खिडक्यांतून किल्ला दिसायचा. पाहुणे मार्गरिदाला विचारायचे, काय बघावं? ती पाठ केल्यासारखं सांगायची. किल्ला, राजवाडा, डोंगरावरची वाट. पण चौदा वर्षांत ती किल्ल्याच्या आत गेली नव्हती. नोव्हेंबरात दोघांची सुट्टी एका दिवशी आली आणि मी तिला म्हटलं, चल. ती लाल कोट घालून आली, ओठांना लाली लावून. राजमुकुटापुढं लोक थांबत होते. मार्गरिदा मुकुटाच्या काचेवरचे बोटांचे ठसे बघत म्हणाली, "ही काच कोण पुसतं असेल?" रविवार सोडला तर एक वाजता तिथं रोज तोफ उडते. ती उडाली तेव्हा आजूबाजूची माणसं दचकली. मार्गरिदा सवयीनं म्हणाली, "दहा खोल्या." आमच्याकडं तोफेच्या आधी दहा खोल्या झाल्या पाहिजेत असा तिचा हिशोब असायचा. मी आमच्या दोघांचा फोटो काढून आबांना पाठवला. आबांनी विचारलं, "ह्या कोण?" मी सांगितलं, "आमच्या हापिसातल्या बाई." आबा म्हणाले, "चांगल्या वाटत्यात. त्यांचं ऐकत जा."

गमती संपल्या.

फेब्रुवारीत इम्तियाजची परीक्षा आणि त्याची पाळी एकाच सकाळी आली. माझे त्या आठवड्याचे वीस तास झाले होते. असं झालं की आम्ही एकमेकांच्या नावावर काम करायचो. तोवर चार-पाच वेळा केलं असेल. आमच्या मजल्याचा सुपरवायझर डेरेक. आम्ही दोघंही सावळे, दोघांनाही दाढी. त्याला आमच्यातला फरक कधी कळला नाही, कळून घ्यायची त्याला गरजही वाटली नाही. मार्गरिदाला मात्र ठाऊक होतं. मला बघून ती म्हणाली, "आज तू इम्तियाज का? बरं, इम्तियाज, चल."

चारशे सतरा नंबरची खोली त्या सकाळी रिकामी झाली होती. कॅनडातली एक म्हातारी बाई चार दिवस राहून गेली होती. मोठा पलंग असला की दोघांनी दोन्हीकडून चादर काढायची. मार्गरिदानं उशीच्या अभ्र्यात हात घातला आणि सोन्याची बारीक साखळी बाहेर काढली. तिला एक लॉकेट होतं. तिनं ते उघडलंसुद्धा नाही. टेबलावरचं हॉटेलचं पाकीट घेतलं, साखळी आत घातली, वर खोलीचा नंबर, तारीख आणि स्वतःचं नाव लिहिलं. आम्ही दोघंही चादरींच्या खोलीत गेलो. डेरेक तिथं फोनवर बोलत होता. मार्गरिदानं पाकीट त्याच्या हातात दिलं. "वहीत लिहू का?" तिनं विचारलं. फोन कानाला तसाच धरून तो म्हणाला, "मी लिहितो. तुम्ही जा." आम्ही चारशे अठरामध्ये गेलो.

तीन दिवसांनी त्या बाईचा फोन आला. साखळी तिच्या आईची होती. सापडलेल्या वस्तूंच्या वहीत नोंद नव्हती. डेरेक म्हणाला, माझ्याकडं कुणी काही दिलेलं नाही. कुलपाच्या यंत्रात मार्गरिदाच्या कार्डाची वेळ होती. आणि कामाच्या कागदावर दोन नावं होती, मार्गरिदा आणि इम्तियाज.

मॅनेजरनं इम्तियाजला सोमवारी अकराला बोलावलं. रविवारी दुपारी आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. इम्तियाज बटाटे सोलत होता.

"तू बघितलंस न्हवं, पाकीट देताना?" त्यानं विचारलं.

"बघितलं."

"मग झालं की. मी सांगतो, मी बघितलं. तुझं नाव कशाला घ्यायचं? कागदावर तर मीच हाय."

खरंतर तेवढं पुरलं असतं. पण मी आदल्या रात्रभर विचार करून ठेवला होता. मी म्हटलं, "तू तसं सांगितलंस की डेरेक खोटा पडतो. तो गप्प बसंल व्हय? मग ते व्हरांड्यातला कॅमेरा बघणार. चादरींच्या खोलीत कॅमेरा न्हाय, पण व्हरांड्यात हाय. त्यात मी दिसणार. मग दोघं बी घरी."

"आणि मार्गरिदाचं काय?"

"तिच्याकडं काय सापडलंय व्हय? तिला चौदा वर्षं झालीत. तिला काय करणार न्हाईत."

इम्तियाजनं सुरी खाली ठेवली. "आरं, पण खरं तेच सांगायचं हाय न्हवं? कॅमेरा बघितला तर बघितला. माझ्या तोंडाकडं बघू नको तू. मी जातो परत. बाबांच्या दुकानात बसतो."

मी म्हणालो, "तू बसशील रं दुकानात. मी काय सांगू घरी?"

हे वाक्य मी बोललो. त्याच्या घरच्यांनीही त्याला तेवढ्याच हौसेनं पाठवलं होतं. पण त्याच्यामागं दुकान आहे, माझ्यामागं अब्रू आहे, असा काहीतरी हिशोब मी मांडला. त्यानं सुरी परत उचलली, एक बटाटा सोलून संपवला. मग म्हणाला, "काय सांगू ते सांग."

मी सांगितलं, "म्हण, मी बाथरूम धूत होतो. मला काय म्हाईत न्हाय."

सोमवारी मी वर्गात होतो. दुपारी परत आलो तेव्हा इम्तियाज कोट न काढता पलंगावर बसला होता. त्यानं मला सगळं सांगितलं. खोलीत मॅनेजर होता, डेरेक होता, मार्गरिदा होती. मार्गरिदानं जे झालं ते सगळं सांगितलं आणि म्हणाली, माझ्याबरोबर जो होता त्याला विचारा. मॅनेजर इम्तियाजकडं वळला. इम्तियाज म्हणाला, मी बाथरूम धूत होतो.

"तिनं माझ्याकडं बघितलं," इम्तियाज मला म्हणाला. "मी तिथं न्हवतोच, हे तिला ठावं हाय. मॅनेजरनं परत इचारलं, खोलीत आणि कोण होतं का? सागर, ती एवढंच म्हटली असती की हा न्हवं, दुसरा होता, तर तिची सुटका झाली असती. ती म्हटली, न्हाय. आम्ही दोघंच होतो."

मी काहीतरी बोलायला गेलो. तो म्हणाला, "गप बस."

मार्गरिदाला त्या आठवड्यात काढलं. पोलिसांत दिलं नाही, पुरावा नव्हता म्हणून. विश्वास उरला नाही, एवढंच पत्रात लिहिलं. आम्हाला डेरेकनं जाताजाता सांगितलं, जसं आज टॉवेल कमी आलेत असं सांगावं. मी मान हलवली आणि ट्रॉली पुढं ढकलली. चारशे सतरा त्या दिवशी माझ्याच वाट्याला होती. मी आवरली. आरसा बाजूनं तपासला. खुर्चीत बसलो नाही.

दोन आठवड्यांनी इम्तियाजनं दुसरी खोली बघितली. बॅग भरताना त्यानं चटणीचा डबा अर्धा माझ्यासाठी काढून ठेवला. "भांडलो न्हाय मी," तो म्हणाला. "पण तुझ्यासंगं जेवायला बसलो की घास उतरत न्हाय." त्यानं हॉटेलचं कामही सोडलं. मी सोडलं नाही. उलट मार्गरिदा गेल्यावर नव्या पोरांना काम शिकवायचं माझ्याकडं आलं. डेरेक म्हणायचा, तू छान शिकवतोस.

जूनमध्ये चादरींच्या खोलीला रंग द्यायचा होता. लाकडी मांडणी भिंतीपासून ओढायला मला आणि आणखी एकाला सांगितलं. मांडणी सरकली आणि मागं धुळीत एक पाकीट पडलेलं दिसलं. हॉटेलचं पाकीट. चारशे सतरा, साताच्या पोटात मार्गरिदा नेहमी काढायची ती आडवी रेघ, खाली तारीख आणि तिचं नाव. उचललं तेव्हा आत साखळी सरकल्याचं बोटांना कळलं. डेरेकनं ते मांडणीतल्या चादरींच्या चळतीवर ठेवलं असणार आणि ते मागं घसरलं असणार. तो चोर नव्हता. तो विसरला होता, आणि विसरलो म्हणणं त्याला जमलं नाही. त्याला नावं ठेवायची माझी लायकी नाही. त्याला निदान खरं आठवत तरी नसेल.

पाकीट घेऊन मी मॅनेजरकडं गेलो. त्यानं साखळी बघितली, मला शाबासकी दिली आणि कॅनडाला पाठवायची व्यवस्था केली. मी विचारलं, "मार्गरिदाला कळवणार का?"

"ते आम्ही बघतो," तो म्हणाला.

आठवड्यानं परत विचारलं. तो म्हणाला, ते प्रकरण आता संपलेलं आहे, परत उकरण्यात कुणाचंच हित नाही. माझा अभ्यासक्रम संपत आला होता. प्रबंध द्यायचा उरला होता. त्या खोलीत, त्या टेबलापुढं, मी म्हणू शकलो असतो की त्या दिवशी मी तिथं होतो, मी पाकीट देताना बघितलंय, मी खोटं बोलायला लावलंय. मी म्हटलं, "थँक यू सर." आणि बाहेर आलो.

रविवारी मी मार्गरिदाच्या घरी गेलो. बंदराकडच्या वस्तीत ती राहायची. पत्ता हॉटेलातल्या एका जुन्या बाईकडून मिळवला. वाटेत बसमध्ये मी वाक्यं जुळवत होतो. तिनं दार उघडलं तेव्हा तिच्या अंगात एका शाळेचं नाव छापलेला सफाईचा डगला होता. रविवारीही ती कामावरून आली होती की निघाली होती, कळलं नाही. तिनं मला आत ये म्हटलं नाही.

मी म्हणालो, "साखळी सापडली. मांडणीच्या मागं होती. तू चोरली नव्हतीस हे सगळ्यांना कळलं."

ती म्हणाली, "मी चोरली नव्हती हे सांगायला आलास? ते मला ठाऊक होतं."

खालच्या रस्त्यावरून बस गेली. मग तिनं विचारलं.

"तू त्यांना सांगितलंस का, तू तिथं होतास ते?"

"नाही."

"आतासुद्धा नाही?"

"नाही."

तिनं मान हलवली. चादरीचा कोपरा चुकला की ती अशीच मान हलवायची, रागानं नाही, परत कर अशा अर्थानं. मी विचारलं, "त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंस?"

"मला वाटलं, तू स्वतः येशील," मार्गरिदा म्हणाली. "कुणी ढकलून आणलेला नको होता मला. कामावरून काढल्याचं पत्र शुक्रवारी मिळणार होतं. शुक्रवारपर्यंत मी वाट बघितली."

मग ती म्हणाली, तिला उशीर होतोय. दार तिनं आपटलं नाही. हळू लावून घेतलं.

पदवी मिळाली. तिथं आणखी दोन वर्षं राहायची परवानगी मिळत होती, पण मी परत आलो. लोकांना वाटतं आईवडिलांच्या ओढीनं आलो. आबा तर चारचौघांत तसंच सांगतात आणि मी ते खोडत नाही. मार्गरिदाला मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. मॅनेजरलाही सगळं खरं लिहून एक पत्र पाठवलं, कोल्हापुरात नोकरी लागून पाच महिने झाल्यावर. तोवर माझ्या केसालाही धक्का लागणार नव्हता. त्याचंही उत्तर आलं नाही. तो मॅनेजर तिथं उरला होता की नाही, मला माहीत नाही.

माझ्या हॉटेलात वस्तू सापडली की दोघांच्या सह्या घेऊन जागच्या जागी वहीत लिहायची, असा नियम मी केलाय. मालक माझं कौतुक करतात. परदेशात शिकलेला माणूस वेगळाच म्हणतात.

इम्तियाज दोन वर्षांनी परत आला. वडील थकले म्हणून दुकान आता तोच बघतो आणि दुकानाच्या माळ्यावर बसून बाहेरच्या कंपन्यांची संगणकाची कामं करतो, असं कळलं. मंगळवार पेठेतून जायची वेळ आली की मी वाट वाकडी करायचो. गेल्या महिन्यात हॉटेलचं शिवणयंत्र बिघडलं. अभ्रे शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, बागवानांकडंच न्यावं लागेल, दुसरीकडं हा भाग मिळत नाही. मशीन कुणाकडूनही पाठवता आलं असतं. पण मीच रिक्षात घालून नेलं.

दुकानात तो एकटाच होता. दाढी अर्धी पांढरी झालेली. माझ्याकडं त्यानं नीट बघितलं. ओळखलं, याबद्दल मला तीळभर शंका नाही. आमच्याकडं अनोळखी गिऱ्हाईक दारात आलं की एक शब्द वापरतात. पाच वर्षं एका बाकावर आणि सहा महिने एका खोलीत काढलेल्या माणसासाठी तो कुणी वापरत नाही.

"या पावणं," इम्तियाजनं स्टूल पुढं सरकवलं. "बसा. काय बिघडलंय?"